सस्पेन्स खातं

समीक्षक व्हायला काय काय लागतं, हे मला मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी एकदा समजावून सांगितलं होतं. ते आमच्याच सोसायटीत राहतात आणि पासबुक भरून घ्यायला माझ्याच खिडकीवर येतात. त्यांच्या मते समीक्षकाला परंपरेचं भान लागतं, रूपबंधाची जाण लागते आणि मुख्य म्हणजे पुस्तकापासून अंतर लागतं. यातलं तिसरं तेवढं माझ्याकडे आहे. बी. कॉम. झाल्यापासून ते मी कसोशीनं पाळत आलो आहे.

तरीही आज मी समीक्षा करायला बसलो आहे. पुस्तकांची नव्हे, पुस्तकं वाचून लोक जी मतं देतात त्यांची. माझ्या घरात आणि कचेरीत मालिकेतल्या कादंबऱ्या वाचणाऱ्यांचं बहुमत आहे. एक भाग संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा. जादू, राक्षस, तलवारी आणि प्रेम. ही माणसं पुस्तक मिटल्यावर गप्प बसत नाहीत आणि ऐकायला बहुधा मीच समोर असतो.

परवाचीच गोष्ट. रात्रीचे अकरा. आमची कन्या डायनिंग टेबलाशी डोळे पुसत बसलेली. "बाबा, तो असा निघेल असं वाटलं नव्हतं रे!" माझ्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. कॉलेजातला कुठला मुलगा, त्याचे वडील काय करतात, इथपर्यंत माझं मन धावून आलं. चौकशीअंती कळलं, की हा मुलगा म्हणजे सारा मास या अमेरिकन लेखिकेच्या परीलोकातला एक सरदार आहे, नाव टॅमलिन. 2015 साली आलेल्या पहिल्या भागात नायिका याच्यासाठी जिवावर उदार होते. 2016 सालच्या दुसऱ्या भागात तीच नायिका त्याला सोडून, पहिल्या भागात खलनायक वाटलेल्या दुसऱ्याच सरदाराकडे जाते. म्हणजे साखरपुड्याला पसंत असलेला जावई लग्नाआधी नापास!

"अगं, पण लेखिकेनं असं कसं केलं? एवढी चारशे पानं त्या पहिल्यावर खर्च केली ती काय वाया?" माझ्यातला हिशेबनीस जागा झाला.

"वाया नाहीच. पहिला तिला जपतो म्हणून घरात कोंडून ठेवतो. दुसरा विचारतो, तुला काय हवंय? मला आधी पहिलाच आवडला होता. ही माझी चूक होती, आणि ती लेखिकेनं मला दाखवली."

हे ऐकून मी पाणी न पिताच झोपायला गेलो. गेल्याच आठवड्यात कन्येला मैत्रिणींबरोबर हरिहर गडावर जायचं होतं आणि मी, निव्वळ तिच्या काळजीपोटी, नाही म्हणालो होतो. मी पहिल्या भागातला निघालो!

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक खिडकीवर आले तेव्हा मी हा प्रकार त्यांच्या कानावर घातला. ते म्हणाले, "पलायनवाद. शुद्ध पलायनवाद. अशा वाचकांच्या मताला वाङ्मयीन मूल्य नसतं." आणि पासबुकातली व्याजाची नोंद त्यांनी दोनदा तपासली. साहित्यात काही मिळालं पाहिजे अशी अपेक्षा न ठेवणारी माणसं व्याजाच्या बाबतीत फार काटेकोर असतात.

मला मात्र वाटतं, की ही मतं समजून घ्यायला वाङ्मयाचं शास्त्र अपुरं आहे. त्याला बँकिंग लागतं.

आमच्या सौभाग्यवतींचं उदाहरण घ्या. ती मिल्स अँड बून वाचते. 1908 साली लंडनमध्ये जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून या दोघांनी ही कंपनी काढली, तेव्हा ती सगळ्या प्रकारची पुस्तकं छापायची. पुढे तिसाच्या दशकात तिच्या ध्यानात आलं, की भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांतून बायका प्रेमकथाच उचलतात. मग तिनं तपकिरी बांधणीत तोच धंदा धरला. लेखिकेचं नाव न बघता बाया नुसत्या कंपनीच्या नावावर पुस्तक उचलू लागल्या. आम्ही याला फिक्स्ड डिपॉझिट म्हणतो. पैसे ठेवताना मुदतीअखेर किती मिळणार ते पावतीवर लिहिलेलं असतं. मी एकदा हिला म्हटलं, "अगं, शेवटी त्यांचं जमणार हे पहिल्या पानावर कळतं. मग वाचतेस कशाला?"

"कळतं म्हणूनच वाचते," ती भाजी निवडत म्हणाली. "दिवसभरात दुसऱ्या कशाचा शेवट आधी ठाऊक असतो, सांगा बघू?"

मी सांगू शकलो नाही. पलायनवादावर याहून नेमकं उत्तर मी प्राध्यापकांच्या कपाटातही पाहिलेलं नाही.

जादूच्या मालिकांचं तसं नसतं. तिथं रिकरिंग खातं असतं. वाचक दर भागाला हप्ता भरतो. पैशांचा कमी, वयाचा जास्त. हॅरी पॉटरचा पहिला भाग 1997 साली आला, सातवा 2007 साली. ज्या पोरानं अकराव्या वर्षी खातं उघडलं त्याला मुदतीची रक्कम मिळेपर्यंत मिशा फुटल्या. मध्यंतरी लेखिकेनं कोण चांगला, कोण वाईट, या सगळ्या संशयास्पद नोंदी सस्पेन्स खात्यात टाकून ठेवल्या होत्या. वाणिज्य न शिकलेल्यांसाठी सांगतो: ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती रक्कम तात्पुरती या खात्यात टाकतात आणि धनी सापडला की तिथून काढतात. स्नेप मास्तरांची नोंद सहा भाग तिथं पडून होती. सातव्यात ती योग्य खात्यात गेली आणि ताळेबंद जुळला. वाचक खूश झाले ते जादूमुळे नव्हे. टॅली झालं म्हणून!

पुढे 2014 साली मात्र लेखिका एका मुलाखतीत म्हणाली, की हर्मायनीचं रॉनशी जमवलं ते काही पटण्यासारखं नव्हतं. यावर आमच्या कन्येच्या पिढीत रणकंदन झालं. "आता सांगून काय उपयोग? पुस्तक आमच्याकडे आहे," हे तिचं मत. हिशेबतपासनिसाचं मतही शब्दशः हेच असतं. लेजर बंद केल्यावर मालकालासुद्धा नोंद फिरवता येत नाही.

आता थकबाकीदारांकडे वळू. आमच्या शाखेतला एक तरुण सहकारी जॉर्ज मार्टिनच्या राजसिंहासनाच्या कथेत अडकला आहे. 1996 साली पहिला भाग, 2011 साली पाचवा, आणि पुढे सहाव्याची वाट पाहण्यात वाचकांची वर्षांमागून वर्षं गेली. आमच्याकडे नव्वद दिवस हप्ता चुकला तर खातं एनपीएच्या यादीत जातं. हा सहकारी वसुली विभागात आहे. कर्जदारांशी तो ज्या भाषेत बोलतो ती इथं देण्यासारखी नाही. पण मार्टिनचं नाव निघालं की तो मऊ होतो. "साहेब, चांगलं लिहायला वेळ लागतो हो." कर्जदारांना हे कळलं तर सगळे कादंबऱ्या लिहायला घेतील.

काही मालिकांना जामीनदार मिळतो. रॉबर्ट जॉर्डननं 1990 साली कालचक्राची मालिका सुरू केली आणि 2007 साली तो गेला, काम अर्धवट. त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडर्सननं उरलेले तीन भाग लिहिले आणि 2013 साली चौदावा भाग काढून खातं बंद केलं. भाषा बदलली अशी कुरकूर झाली, पण आभारही मानले गेले. आपल्याकडे हे आधीच घडलं होतं. 'चंद्रकांता'वाले देवकीनंदन खत्री 1913 साली वारले तेव्हा त्यांची 'भूतनाथ' ही मालिका अपुरी होती. ती त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनी पुरी केली. बापाचं कर्ज मुलानं फेडल्याची एवढी स्वच्छ नोंद मी बँकेत फार थोडी पाहिली आहे.

वाचकांच्या मतांत दोष नसतात असं नाही. नायिका आपल्याला आवडली नाही म्हणजे पुस्तक वाईट, असं मानणारे बरेच असतात. ते सून बघायला आल्यासारखे वाचतात. 'ट्वायलाइट'च्या वेळी रक्तपिपासू नायक बरा की लांडगा होणारा मित्र बरा, यावरून वाचकांचे दोन तट पडले आणि कथा कशी लिहिली आहे हे विचारायचं राहूनच गेलं. प्राध्यापकांचं म्हणणं इथं मला मान्य आहे. पण मत चुकीचं असणं वेगळं आणि मत देण्याचा हक्कच नसणं वेगळं. ज्यानं हप्ते भरले त्याला शिल्लक विचारता आलीच पाहिजे.

हे सगळं मला माझ्या आईमुळे कळलं, तेही उशिरा.

आईचं माहेर इंदूरचं. हिंदी तिला मराठीइतकंच येई. लहानपणी तिच्या वडिलांच्या कपाटात 'चंद्रकांता संतति'चा संच होता. संतति मुळात चोवीस भागांची. त्यातले शेवटचे चार भाग एकत्र बांधलेलं पुस्तक कुणीतरी वाचायला नेलं ते परत आलं नाही. नेणाराचं नाव आई शेवटपर्यंत घेत असे. मी घेत नाही. तर आईनं वीस भाग वाचून शेवट आपल्या मनानं लावला आणि आम्हा भावंडांना दर उन्हाळ्यात गच्चीवर तोच सांगितला. ऐयार, तिलिस्म, भुयारं, आणि शेवटी कैदेतले सगळे सुटून एका पंक्तीला जेवायला बसतात. पंक्तीत आमरस असे. 1994 साली दूरदर्शनवर 'चंद्रकांता' लागली आणि ती पुस्तकापासून पार लांब गेली, तेव्हा आई प्रत्येक रविवारी टीव्हीशी भांडायची.

तिच्या पंचाहत्तरीला मी सगळा संच विकत आणला. म्हटलं, साठ वर्षांची थकबाकी एकरकमी देऊन टाकू. आईनं पुस्तकांवरून हात फिरवला. शेवटचं पुस्तक वेगळं काढलं आणि मला परत दिलं.

"हे नको. माझा शेवट लागलाय."

"अगं, पण हा खरा शेवट आहे! लेखकानं लिहिलेला."

"असेल. पण त्यात सगळे सुटतात का, कोण जाणे. माझ्यात सुटतात. आता या वयात खाडाखोड नको बाबा."

आई जाऊन आता तीन वर्षं झाली. ते पुस्तक माझ्या कपाटात आहे. कन्या हरिहर गडावरून धडधाकट परत आली (हो, गेली होती), तेव्हा तिनं ते पाहिलं आणि विचारलं, "बाबा, तू तरी वाचलंस का शेवट?"

नाही वाचला. बँकेचा नियम आहे, खाडाखोड केली की शेजारी खातेदाराची सही लागते. ती आता मिळायची नाही.