धरलं, सोडलं

इंदापूर तालुक्यात रात्री विहिरीवरची मोटार चालू करून आलेल्या माणसाला घरात शिरताच विचारतात, ‘धरला का स्टार्टर?’ हिरवं बटण दाबलं की कॉइल पट्टी ओढून घेते. त्या पट्टीबरोबर मिटणारा एक जादा संपर्क हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो, म्हणून बोट काढलं तरी कॉइलला वीज मिळत राहते. स्टार्टर स्वतःच स्वतःला धरून बसतो. लाईट गेली की सोडतो, आणि परत आली तरी आपणहून धरत नाही. (त्यावर आपल्या लोकांनी ऑटो बसवले आणि लाईट येताच सगळ्या मोटारी एकदम उठल्यावर डीपीचं काय होतं, तो वेगळा विषय.)

बारामतीत शिकणाऱ्या भाच्याने वहीच्या पानावर काढलेलं एक सर्किट बघताना मला हे ‘धरणं’ आठवलं. त्याने रास्पबेरी पायवर हातात मावणारा गेम कन्सोल बनवला होता. आधी साधा सरकवायचा स्विच होता, खटकन बंद. त्यात दोन मेमरी कार्डं गेली.

१९८९चा गेम बॉय असा खटकन बंद करता येई, कारण खेळ कार्ट्रिजमध्ये कायमचा कोरलेला असे. पाय मात्र पुरता संगणक आहे. कार्डावर लिहायच्या कित्येक गोष्टी तो आधी रॅममध्ये साठवतो आणि सवडीने लिहितो. शिवाय कार्डाच्या आतला कंट्रोलर मजकूर इकडून तिकडे हलवत असतो. नेमकी तेव्हा वीज गेली तर जुनं, नीट लिहिलेलंही जाऊ शकतं. आणि कार्ड वाचलं तरी खेळातली प्रगती जाऊ शकते, कारण खेळ चालवणारा रेट्रोआर्क हा प्रोग्रॅम ती एरवी खेळातून बाहेर पडताना लिहितो.

म्हणून हे सर्किट. ते मी ओळीने वाचतो.

सेल आणि पाच व्होल्ट करणारं बूस्ट मॉड्यूल यांच्यामध्ये पी-चॅनल मॉसफेट आहे, विजेचं दार. त्याचं गेट शंभर किलोओमच्या रेझिस्टरने सेलच्या धन बाजूला बांधलेलं, म्हणजे कोणी काही केलं नाही तर दार बंद. सोर्स सेलकडेच हवा. उलटा बसवला तर आतला डायोड दार बंद असतानाही वीज सोडत राहतो. बटण दाबलं की गेट खाली ओढलं जातं, दार उघडतं, पायला वीज मिळते आणि त्याची ३.३ व्होल्टची पट्टी जिवंत होते. ती एका छोट्या ट्रान्झिस्टरला चालू करते आणि तो गेटला खालीच दाबून ठेवतो. धरला! विहिरीवरच्या स्टार्टरचा जादा संपर्क तो हाच.

स्टार्टरला लाल बटण वेगळं असतं. इथे बटण एकच. दुसऱ्यांदा दाबलं की जीपीआयओ ३ ही पिन शून्यावर येते आणि पायला निरोप मिळतो : आवर. एका बटणाची ही दोन कामं वेगळी ठेवतात दोन डायोड, एक गेटकडून आलेला, एक पिनकडून. ते मला चित्रातले सर्वांत नेमके शब्द वाटतात. ते वगळून बघा : गेट दाबून ठेवणारा ट्रान्झिस्टर पिनलाही खाली ओढेल आणि यंत्र जागं होता होताच झोपायला निघेल. बंद असताना तर सेलचे चार व्होल्ट ३.३ व्होल्टच्या पिनवर चढू पाहतील. डायोड शॉट्की घेतलेत, यातही जाण आहे. साधा सिलिकॉनचा डायोड साताठ दशांश व्होल्टच्या आसपास खातो, आणि मग पिनला शून्य हे शून्य वाटेलच याची खात्री राहत नाही.

निरोप मिळाल्यावर पाय घाई करत नाही. चालू प्रोग्रॅमना आवरायला सांगतो, रॅममधलं कार्डावर उतरवतो, कार्ड सोडतो, आणि सगळ्यात शेवटी जीपीआयओ २६ ही पिन उंच करतो. ती दुसऱ्या ट्रान्झिस्टरला उठवते, तो पहिल्याचा जोर काढून घेतो, गेट वर जातं, दार बंद. सेटिंगच्या फाईलमध्ये यासाठी दोन ओळी पुरतात, जीपीआयओ-शटडाऊन आणि जीपीआयओ-पॉवरऑफ. लाल बटण माणसाच्या हातातून काढून यंत्राच्या हाती दिलं, ही या रचनेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. आपण नुसतं सुचवायचं. वीज तोडायची ती त्याने, काम उरकल्यावर.

मात्र पहिल्या कच्च्या चित्रात एक गोम होती. दार बंद होताना बूस्ट मॉड्यूलच्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज उरते. व्होल्टेज उतरताना पाय मध्येच भान सोडतो, जीपीआयओ २६ गळते, पण ३.३ व्होल्टच्या पट्टीत अजून धुगधुगी असते. तेवढ्यावर पहिला ट्रान्झिस्टर पुन्हा धरतो आणि बंद केलेला कन्सोल उठून बसतो. उपाय म्हणून भाच्याने दुसऱ्या ट्रान्झिस्टरपाशी, डायोडमधून भरणारा एक कपॅसिटर आणि तो सावकाश रिकामा करणारा रेझिस्टर टाकला. पिन गेल्यानंतरही तो ट्रान्झिस्टर क्षणभर ‘सोड, सोड’ म्हणत राहतो. पानावर एवढाच भाग वेगळ्या पेनने काढलेला आहे.

दिवाळीत तो कन्सोल घेऊन आला तेव्हा मी बंद करायला बटण दाबलं. पडद्यावर ओळी धावल्या, पडदा काळा झाला. आतला तांबडा दिवा मात्र लागलेलाच. मी वाट पाहिली. विझेना. काहीतरी राहिलंय तुझं, म्हणालो.

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. ‘मामा, बोट काढा की. त्यानं कधीच सोडलंय, तुम्हीच धरलंय.’