समुद्राचा इतिहास कोणी शिकवायचा?

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं. माशांबद्दलचं आमचं ज्ञान ताटापुरतं. तरी ‘बहुविद्याशाखीय प्रशिक्षण’ हे शब्द ऐकले की आम्हाला बोलावंसं वाटतं. चार विषयांची चार व्याख्यानं एका मांडवात ठेवली की झालं, असा एक समज आहे.

वरळीचं पाहा. कोस्टल रोडच्या पुलाच्या दोन खांबांत ६० मीटर अंतर ठरलं होतं. क्लीव्हलँड बंदरातून होड्या काढणारे कोळी म्हणाले, पुरत नाही, २०० हवं. डिसेंबर २०२२ मध्ये मधला एक खांब वगळून १२० मान्य झालं. आता साठ पुरतात की नाही, हे ठरवणारा विषय कोणता? स्थापत्य? मत्स्यविज्ञान? की वाऱ्यात, ओहोटीत होडी वळवणारा हात? हा तिसरा आपल्या अभ्यासक्रमात नाहीच. तो आंदोलन करून आत आला.

डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ साली दाखवून दिलं, की प्रत्येक पिढीतला संशोधक आपल्या उमेदवारीच्या काळातला समुद्रच मूळ समुद्र धरतो आणि घट तिथून मोजतो. म्हातारा कोळी ‘पूर्वी घोळ किती मिळायची’ म्हणाला तर ते स्मरणरंजन, आणि कोष्टक मात्र पुरावा! ते कोष्टक कधीपासून सुरू होतं, हे कोणी विचारत नाही. अर्थात कोळ्याची आठवणही सरकते. तिलाही देव्हाऱ्यात बसवू नये.

२००० ते २०१० या दशकात सागरी प्राण्यांच्या इतिहासावर एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प झाला. इतिहासकार आणि जीवशास्त्रज्ञ एकत्र बसले. कराच्या नोंदी, जहाजांच्या रोजनिशा, अहो, हॉटेलांची जुनी मेनू कार्डंसुद्धा वाचली. आमच्या लालबाग-परळात गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या. त्यातल्या अनेकजणी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित झाल्या. त्यांचा सुकटी-बोंबलाचा हिशेब कुठे वहीत असेल, कुठे डोक्यात. ती वही इतिहासकाराच्या हाती लागली, तर बांगडा महागला म्हणून तो समुद्र आटल्याचा निष्कर्ष काढून मोकळा होईल. बांगड्याची आवक मुळातच वर्षावर्षाला वरखाली होते, हे त्याला वर्सोव्याच्या मत्स्यशिक्षण संस्थेतल्या विद्यार्थ्याने सांगायला हवं. तेही त्याच वहीवर बोट ठेवून, वेगळ्या तासाला नव्हे.

परीक्षा कशी घ्यायची, विचाराल. एक वही, तीन परीक्षक. त्यातली एक भाऊच्या धक्क्यावर मासळी घेणारी. तिच्या मानधनाचं मात्र आधी ठरवा, सकाळचा धंदा बुडतो तिचा.