मित्राची मंडळी कोठे आहे?

विजय तेंडुलकर यांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक 1981 साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. सुमित्रा देव, म्हणजेच मित्रा, हिची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. स्त्रीला स्त्रीविषयी वाटणारी ओढ इतक्या उघडपणे मांडणाऱ्या नाटककाराच्या धैर्याविषयी आम्हांस शंका नाही. आमचा आक्षेप निराळा आहे.

मित्राचे नामावर प्रेम आहे. परंतु तिचे गुज ऐकणारा एकटा बापू. तोच प्रेक्षकांना तिची गोष्ट सांगतो, तोच तिला आपली खोली देतो आणि अखेरीस तोही दुरावतो. मग ती जीव देते. स्वभावच असा, तेव्हा शेवटही असाच व्हावयाचा, असे मानून प्रेक्षक उठतो. आमच्या मते मित्राचा घात स्वभावाने नव्हे, एकटेपणाने केला. नाटकाने हे एकटेपण उत्तम रंगविले; त्याचे कारण मात्र पुरेसे तपासले नाही.

नाटकाबाहेर असे सोबतीण शोधणारे जीव होतेच. 1987 साली आपल्याच राज्याच्या पोलीस दलातील लीला व ऊर्मिला यांनी परस्परांशी विवाह केला. एक नामदेव, दुसरी श्रीवास्तव. पुढे दोघींचीही नोकरी गेली. 1995 साली मुंबईत ‘स्त्री संगम’ हा गट उभा राहिला आणि केवळ स्त्रियांवर, तसेच स्त्री व पुरुष दोहोंवर प्रेम करणाऱ्या बायकांना एकत्र बसावयास जागा मिळाली. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. सोबत मात्र कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही.

मित्रा पुण्याच्या महाविद्यालयातली. बैहरच्या बाजारात गोंडी, पोवारी, मराठी, हिंदी कानी पडते. येथील एखाद्या गोंड स्त्रीचे मन बैगा स्त्रीवर जडले, तर दोन समाजांना तोंड द्यावे लागेल. आणि शहरातील गटात ती पोहोचलीच, तर तेथेही तिची भाषा व जात तिच्या आधी पोहोचलेली असेल.

मवाबी रूथ बेथलेहेमात परकीच होती. (तिच्या व नामीच्या नात्याला आम्ही येथे दुसरे नाव देत नाही.) परंतु तिच्या बाळाचे नाव शेजारणींनी ठेवले, हा तपशील आपल्या प्रवचनांत सहसा येत नाही.

पाळकांनी व धर्मशिक्षकांनी हे नाटक तरुणसंघात अवश्य वाचावे. मात्र शेवटाकडे येण्यापूर्वी थांबून विचारावे, की मित्रा आपल्या गावात राहत असती, तर ती कोणाच्या दारी गेली असती?