डॉ. आनंदीबाई : कादंबरींतल्या आणि चरित्रांतल्या

डॉ. आनंदीबाई जोशी यांचें नांव ज्या घरांत ठाऊक नाहीं, असें सुशिक्षित मराठी घर विरळा. परंतु हा परिचय बहुधा श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीवरून झालेला असतो. कादंबरी रसाळ आहे. हट्टी, विक्षिप्त, पण पत्नीच्या शिक्षणासाठीं समाजाशीं झगडणारे गोपाळराव तींत जिवंत उभे राहतात. मात्र पुस्तक मिटल्यावर मनांत राहतात ते गोपाळरावच. आनंदीबाई त्यांच्या हट्टाचें फळ म्हणून उरतात. आमचा आक्षेप आहे तो एवढाच.

गोपाळरावांचें ऋण कोणीहि नाकारणार नाहीं. नवव्या वर्षीं लग्न होऊन आलेल्या मुलीस त्यांनींच शिकविलें. तिचें पहिलें मूल दहा दिवसांत गेलें, हें दुःखहि खरें. परंतु पतीचा आग्रह आणि मातेचा शोक एवढ्यानेंच कोणी डॉक्टर होत नाहीं. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षां आपल्या भगिनी मरण पत्करतात, हें कारण त्यांनीं कॉलेजांत प्रवेश मागतांना स्वतः लिहून कळविलें. १८८६ सालीं फिलाडेल्फियास पदवी घेतांना त्यांनीं प्रबंध लिहिला, तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिविद्येवर. परक्या विद्यालयांत बसून आपल्या पूर्वजांचें सूतिकाशास्त्र तपासणारी ही बुद्धि कोणाच्या हट्टाची उसनवारी नव्हे.

या बाबतींत काशीबाई कानिटकर यांनीं लिहिलेलें चरित्र आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. कादंबरीची रंगत त्यांत नाहीं. परंतु एका लेखिकेनें दुसऱ्या स्त्रीचीं पत्रें वाचकांपुढें ठेविल्यामुळें आनंदीबाईंचा स्वतःचा आवाज तेथें ऐकूं येतो.

कोल्हापूरच्या रुग्णालयांतील स्त्रीविभाग त्यांची वाट पाहत होता. तेथें रुजू होण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बाविसावें वर्षहि पुरें झालें नसतां, क्षयानें त्यांचा अंत झाला. अशा मरणानें डोळे भरून येतात, आणि भरल्या डोळ्यांना मग साध्वी तेवढी दिसते, डॉक्टर दिसत नाहीं. आपल्या मुलींच्या हातीं ही कादंबरी अवश्य द्यावी. पण तिच्या शेजारीं काशीबाईंचें पुस्तकहि ठेवावें. नाहीं तर बायको शिकवावी कशी, एवढाच धडा त्या घेतील. स्त्रीनें आपलें कार्य आपण कसें निवडावें, हा राहूनच जाईल.