नामदेवगाथेची संकलने
नामदेवगाथेची संकलने : संत नामदेव (१२७०–१३५०) यांच्या नावावरील अभंग व पदे निरनिराळ्या काळी एकत्र करून सिद्ध झालेले संग्रह. हिंगोली जिल्ह्यातील कयाधू नदीकाठचे नरसी बामणी (आता नरसी नामदेव) हे नामदेवांचे जन्मगाव, अशी परंपरा आहे. काही अभ्यासक मात्र पंढरपूरचा पक्ष घेतात. या वादातील बरीचशी साक्ष गाथेतील चरित्रपर अभंगांचीच असल्याने संकलकांच्या निवडीला विशेष महत्त्व येते.

संकलकाच्या कार्याचे जुने उदाहरण प्राचीन ग्रीक वाङ्‌मयात आढळते. मेलिएजर याने इ. स. पू. सु. १०० मध्ये हार हा संग्रह रचला व त्याच्या प्रास्ताविक कवितेत प्रत्येक कवीला एकेक फूल वा वनस्पती नेमून दिली. तेथे कवींची नावे संकलकाने जपली. पुढे नामदेवांचा समकालीन प्लानूडीझ याने सु. १३०० मध्ये अशा जुन्या संग्रहांची पुनर्रचना करताना काही शृंगारिक कविता गाळल्या.

मराठीत दोष उलट दिशेचा आहे. येथे कर्तृत्वाचा मुख्य पुरावा म्हणजे अभंगातील नाममुद्रा. परंतु सोळाव्या शतकातील महाभारतकार विष्णुदास नामा याचीही मुद्रा तीच. कीर्तनकारांच्या बाडांतून दोघांची रचना मिसळली. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता, या श्रद्धेमुळे कोणताही अभंग वगळण्यास संकलकांचे मन धजले नाही. याउलट गुरू अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे रागवार निश्चित झाली.

तुकाराम तात्या यांनी १८९४ मध्ये छापलेल्या गाथेत नामदेवांबरोबर त्यांचे कुटुंबीय व समकालीन संत यांचे अभंगही आले. महाराष्ट्र शासनाची गाथा १९७० मध्ये निघाली. या संग्राहक वृत्तीने कर्तृत्वाचा गुंता वाढविला, हे खरे. तथापि जनाबाईंचे अभंग मुख्यतः नामदेवगाथेच्या आश्रयानेच टिकले, हेही तितकेच खरे. म्हणून संशयित अभंग गाळणे हा उपाय नव्हे. प्रत्येक अभंग कोणत्या बाडात व कोणत्या काळी प्रथम आढळतो, याची नोंद त्याच्यासोबत देणे, हीच चिकित्सक संकलनाची खरी कसोटी होय.