स्टीफन्स यांच्या प्रवासवर्णनातील तुलुम : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

जॉन लॉइड स्टीफन्स (१८०५-१८५२) या अमेरिकन प्रवाशाचा 'इन्सिडेंट्स ऑफ ट्रॅव्हल इन युकातान' हा दोन खंडांतील ग्रंथ १८४३ मध्ये प्रसिद्ध झाला. युकातान द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरील तुलुम या तटबंदीयुक्त माया नगराचे भग्नावशेष त्यांनी वास्तुविशारद व चित्रकार फ्रेडरिक कॅथरवुड यांच्यासमवेत १८४२ मध्ये पाहिले. या भेटीचे वर्णन माया संस्कृतीच्या अभ्यासात मूलभूत मानले जाते. वास्तूंचा कर्ता कोण, हे अचूक ओळखणाऱ्या लेखकाला त्या कर्त्याचे वंशज मात्र दिसले काय, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात या वर्णनाची चिकित्सा केली आहे.

वर्णनाचे सामर्थ्य

आजचा पर्यटक तटातील अरुंद दरवाजातून तुलुममध्ये प्रवेश करतो. स्टीफन्स मात्र समुद्रमार्गे आले. कड्यावरील 'एल कास्तिय्यो' या प्रमुख वास्तूतच त्यांनी मुक्काम केला आणि तेथून दाट जंगलात दडलेल्या तटाचा माग काढला. परिणामी वाचकालाही नगर आतून बाहेर उलगडत जाते. येथे लेखक उद्गारवाचक विशेषणांपेक्षा मोजमापावर अधिक विसंबतो. समुद्राला समांतर असलेला तट १५०० फूट, तर दोन्ही बगलांचे तट प्रत्येकी ६५० फूट, अशी नोंद तो करतो. चौथ्या बाजूस समुद्र व कडा हेच संरक्षण होते. डासांनी झोप हिरावल्याची तक्रार आणि तटाची लांबी एकाच निवेदनात येतात, त्यामुळे वर्णनाची विश्वसनीयता वाढते. कॅमेरा ल्युसिडाच्या साहाय्याने चित्रे काढण्यात निष्णात असलेल्या कॅथरवुड यांची रेखाटने या गद्याला पुराव्याचे बळ देतात.

या निरीक्षणशिस्तीचे फलित म्हणजे स्टीफन्स यांचा निष्कर्ष होय. अमेरिकेतील प्राचीन वास्तूंचे श्रेय इजिप्शियनांना किंवा इस्रायलच्या हरवलेल्या टोळ्यांना देण्याची तत्कालीन प्रवृत्ती त्यांनी नाकारली. ही नगरे तेथील लोकांच्याच पूर्वजांनी उभारली, आणि ती फार प्राचीनही नाहीत, असे त्यांनी प्रतिपादन केले. तुलुमपुरते हे मत पुढील संशोधनाने पुष्ट केले. या नगराचा भरभराटीचा काळ आज तेरावे ते पंधरावे शतक असा मानला जातो.

वर्णनाची मर्यादा

तथापि या निष्कर्षाचा तार्किक शेवट लेखकाने गाठलेला नाही. बांधणारे माया होते असे तो म्हणतो, परंतु त्याच्यासमोर झाडे तोडणारा व ओझी वाहणारा माया मजूर त्याच्या लेखी अवनत व स्मृतिहीन आहे. दुसरीकडे, गोऱ्या माणसाने न पाहिलेले एखादे जिवंत माया नगर अरण्यात असावे, ही कल्पना त्याला मोह घालते. अशा नगराची वदंता त्याने ग्वातेमालातील एका धर्मगुरूकडून ऐकली होती आणि १८४१ च्या ग्रंथात ती नोंदविली होती. अदृश्य माया माणसाविषयी कुतूहल आणि दृश्य माया माणसाविषयी उदासीनता हा या लेखनातील मूलभूत अंतर्विरोध होय.

हीच दृष्टी वास्तूंबाबतही आढळते. कोपानचे अवशेष स्टीफन्स यांनी ५० डॉलरला खरेदी केले होते. युकातानमधून नेलेल्या कोरीव लाकडी तुळया तर १८४२ मध्ये न्यूयॉर्क येथील आगीत भस्मसात झाल्या. रक्षणाच्या हेतूने हलविलेली वस्तूच अशा रीतीने नष्ट झाली.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर अवघ्या चार वर्षांनी, १८४७ मध्ये, युकातानमधील माया शेतकऱ्यांनी सशस्त्र उठाव केला. हा संघर्ष 'जातियुद्ध' या नावाने ओळखला जातो आणि तो विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत धुमसत राहिला. या काळात तुलुम हे 'बोलत्या क्रुसा'च्या उपासनेचे एक केंद्र बनले. तेथील प्रमुख उपासिका म्हणून मारिया उइकाब या माया स्त्रीचे नाव इतिहासात नोंदलेले आहे. ज्या जागेस स्टीफन्स यांनी निर्जन अवशेष म्हणून पाहिले, ती जागा माया समाजाने पुन्हा आपली केली. त्यांच्या वर्णनावरील सर्वांत समर्पक भाष्य या घटनेनेच केले, असे म्हणावे लागेल.

समारोप

या त्रुटींमुळे ग्रंथाचे मोल कमी होत नाही, मात्र तो कसा वाचावा हे त्यातून निश्चित होते. मोजमापासाठी स्टीफन्स विश्वासार्ह आहेत, माणसांसाठी नाहीत. डिसेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या 'त्रेन माया' या रेल्वेमार्गावर तुलुमही आहे आणि तेथे पर्यटकांची वर्दळ असते. माया भाषा बोलणारे लोकही त्याच प्रदेशात राहतात. प्राचीन माया माणसाचा गौरव करताना हयात माया माणसाला नजरेआड करण्याची सवय १८४३ च्या ग्रंथापुरती मर्यादित राहिलेली नाही. म्हणूनच प्रवासवर्णनाच्या अभ्यासकाने लेखकाने काय पाहिले याबरोबरच समोर असूनही काय पाहिले नाही, याचीही नोंद घेणे अगत्याचे ठरते.