सुविधा, सुरक्षा आणि उत्तरदायित्व : परवलीच्या शब्दाविषयीच्या नियमांची चिकित्सा

प्रस्तावना

ऑनलाईन खात्यांच्या संरक्षणाविषयी लिहिताना सुविधा आणि सुरक्षा ही तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेले की दुसरे खाली येणारच, असे गृहीत धरण्याची प्रथा पडली आहे. यातून पुढचा निष्कर्ष आपोआप निघतो : वापरकर्त्याने त्रास सोसावा म्हणजे तो सुरक्षित राहील, आणि तो फसला तर त्याने पुरेसा त्रास सोसला नाही, असे समजावे. प्रस्तुत लेखात हे गृहीतक तपासावयाचे आहे. त्यासाठी अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेची (यापुढे ‘निस्ट’) मार्गदर्शक तत्त्वे आणि भारतीय रिझर्व्ह बँकेचे निर्देश ही दोन उदाहरणे घेतली आहेत.

दोन विचारधारा

१९७५ साली जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकीय संरक्षणाची आठ तत्त्वे मांडली. त्यांतील एक ‘मानसशास्त्रीय स्वीकारार्हता’ हे होते. संरक्षणाची रचना इतकी सुलभ असावी की वापरणाऱ्याकडून ती सहजगत्या व योग्य रीतीनेच वापरली जावी, असा त्याचा आशय आहे. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी ३,२८९ परवलीचे शब्द तपासले. त्यांतील सुमारे ८६ टक्के सहज हुडकता येण्याजोगे निघाले. या निष्कर्षाचे दोन अर्थ लावता येतात. माणूस दुर्बल आहे, त्याला नियमांनी बांधावे, हा एक. रचनाच माणसाला साजेशी नाही, ती बदलावी, हा दुसरा. पुढील काळात व्यवहारात पहिल्या अर्थाचेच वर्चस्व राहिले.

‘निस्ट’ची तत्त्वे : अंदाजाचा नियम झाला

२००४ मधील ‘निस्ट’च्या दस्तऐवजाच्या परिशिष्टात परवलीच्या शब्दाच्या बळाचे गणित मांडले होते. पहिल्या अक्षराला ४ बिट, पुढील सात अक्षरांना प्रत्येकी २ बिट, आणि मोठी अक्षरे व विशेष चिन्हे सक्तीची केल्यास ६ बिटांची भर, असे ते ढोबळ गणित होते. त्याचा आधार क्लॉड शॅननने इंग्रजी गद्यातील अक्षरांविषयी केलेले अनुमान हा होता. येथेच पद्धतिशास्त्रीय दोष आहे. गद्यात पुढचे अक्षर कोणते येईल हा एक प्रश्न, आणि नियमाच्या कचाट्यात सापडलेला माणूस कोणता शब्द निवडील हा अगदी निराळा प्रश्न. सक्ती झाली की बहुतेकांची युक्ती एकच ठरते : पहिले अक्षर मोठे, मग गावाचे वा अपत्याचे नाव, एक @ आणि शेवटी १२३. जो नियम सर्वांना सारखाच वळवतो, तो हल्लेखोरालाही वाट दाखवतो.

ठरावीक मुदतीने परवलीचा शब्द बदलण्याच्या नियमाचीही अशीच गत झाली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये विद्यापीठाच्या ७,७०० हून अधिक बंद झालेल्या खात्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुना शब्द ठाऊक असल्यास, सुमारे १७ टक्के खात्यांचा पुढील शब्द पाच प्रयत्नांच्या आत ओळखता येत होता. अंक एकाने वाढवणे म्हणजे बदल नव्हे, हे यातून सिद्ध झाले. २०१७ च्या आवृत्तीत ‘निस्ट’ने सक्तीची चिन्हे आणि नियतकालिक बदल या दोन्ही गोष्टींची शिफारस मागे घेतली, लांब शब्द स्वीकारावेत आणि उघड झालेल्या शब्दांच्या यादीशी नवा शब्द पडताळावा, असे सुचवले. त्याच वर्षी मूळ परिशिष्टाचे लेखक बिल बर यांनी आपल्या बऱ्याच सल्ल्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. तथापि सारा दोष त्यांच्यावर टाकणे न्याय्य नाही. त्यांनी अंदाज मांडले होते. तपासून न पाहता त्यांचे नियम केले ते संस्थांनी.

रिझर्व्ह बँक : ओझे कोणाचे, नुकसान कोणाचे

कॉर्मॅक हर्ली यांनी २००९ मध्ये असा युक्तिवाद केला की सामान्य वापरकर्ता सुरक्षेचा सल्ला नाकारतो ते आळसामुळे नव्हे. सल्ला पाळण्याची किंमत टळणाऱ्या नुकसानीपेक्षा अधिक असते म्हणून. हा युक्तिवाद मार्मिक असला तरी तो अमेरिकेतील व्यवस्थेवर बेतलेला आहे. तेथे खात्यातून चोरीस गेलेली रक्कम बहुधा बँक सोसते. भारतात तो जसाच्या तसा लागू पडत नाही.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून ऑनलाईन कार्ड-व्यवहारांसाठी अतिरिक्त पडताळणी अनिवार्य केली आणि पुढे लघुसंदेशातून येणारा ओटीपी रूढ झाला. केवळ कार्डाचा क्रमांक चोरून पैसे काढणे त्यामुळे अवघड झाले, हे श्रेय निःसंशय द्यावयास हवे. परंतु ओटीपी हा शेवटी दुसऱ्याला सांगता येणारा आकडा आहे. फोनवरून गोड बोलून तो काढून घेता येतो. २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाचे दायित्व मर्यादित केले, पण ग्राहकाने गुप्त तपशील दुसऱ्यास दिल्यामुळे झालेली हानी, बँकेला कळवीपर्यंत, त्याच्याच माथी ठेवली. म्हणजे रचनेतील उणिवेला ‘निष्काळजीपणा’ हे नाव मिळाले. २०२५ च्या निर्देशांत लघुसंदेशाखेरीज इतर पर्यायांना वाव दिला असून, निर्देशांचे पालन न करता झालेल्या व्यवहारातील हानी संस्थेने पूर्णपणे भरून द्यावी, असे म्हटले आहे. फसवून काढून घेतलेल्या ओटीपीचा प्रश्न याने सुटत नसला, तरी संस्थेचे दायित्व स्पष्ट करणारी ही दिशा स्वागतार्ह आहे.

तराजूची प्रतिमा अपुरी का

‘पासकी’ या पद्धतीत गुप्त किल्ली उपकरणात वा वापरकर्त्याच्या किल्लीसंचात राहते आणि ती मूळ संकेतस्थळाशीच बांधलेली असते. बनावट संकेतस्थळावर ती चालत नाही; फोनवर सांगण्याजोगे काही उरतच नाही. पाठांतराचा त्रास जातो आणि सुरक्षाही वाढते. दोन्ही पारडी एकाच वेळी वर जाऊ शकतात, हे येथे दिसते. मात्र तिच्या पोटात ‘एक माणूस, एक फोन’ हे गृहीतक दडलेले आहे. घरात एकच फोन असलेला आणि शिष्यवृत्तीचा अर्ज सायबर कॅफेचालकाकडून भरून घेणारा विद्यार्थी या गृहीतकाबाहेर राहतो. त्याची ओळख प्रत्यक्षात दुकानदाराच्या वहीत नोंदलेली असते.

महाविद्यालयांनीही स्वतःकडे पाहावयास हवे. गुण भरण्यासाठी एकच खाते अनेकांनी वापरल्यास चूक कोणाची हे कधीच ठरत नाही. प्रवेशाच्या वेळी आधारच्या संपूर्ण छायाप्रती मागवण्याचे कारण उरलेले नाही. अंशतः झाकलेल्या क्रमांकाची प्रत मिळू शकते. परवलीचा शब्द बदलता येतो, बोटांचा ठसा बदलता येत नाही; म्हणून ठशाची मागणी अधिक विचारपूर्वक व्हावी.

समारोप

परवलीच्या शब्दाविषयीचा कोणताही नियम तीन प्रश्नांवर पारखून घ्यावा : तो प्रत्यक्ष वर्तनाच्या पुराव्यावर उभा आहे काय, त्याचे ओझे कोण वाहतो, आणि तो अपयशी ठरला तर नुकसान कोण सोसतो. ओझे व नुकसान एकाच्या वाट्याला आणि नियम करण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती असेल, तर तेथे समतोल नाही, केवळ जबाबदारीचे स्थलांतर आहे. १९७५ मधील ते तत्त्व आजही पुरेसे आहे. उणीव आहे ती त्याच्या पालनाची.